एका रात्रीचे दोन नारळ

नूतन बसत नाही. तिची ओळख कुणी विचारली की मी आधी हेच सांगतो. शिक्षण, गाव, आडनाव सगळं नंतर. राहुटीत आली की आपण खुर्ची पुढे करावी, तर ती खुर्चीच्या पाठीला पिशवी अडकवणार आणि स्वतः उभी राहणार. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, आणि लॅपटॉप डाव्या हातावर, कडेवर पोर घ्यावं तसा. उजव्या हाताला काम नसलं की तो राहुटीच्या दोरांकडे जातो. विचार करता करता ती गाठी सोडते आणि परत बांधते. एकदा सोडलेली गाठ बांधायची राहिली आणि राहुटीचा कोपरा चार पाहुण्यांच्या टोप्यांवर उतरला. पाहुणे हसले म्हणून बरं, नाहीतर त्यांचा नारळ तसाच परत गेला असता.

हे नारळाचं आधी सांगायला हवं. नारायणगावात हायवेच्या कडेला, जत्रांच्या हंगामात तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पंच जीप करून येतात, राहुट्या हिंडतात, घासाघीस करतात, आणि ज्या फडाशी जमेल त्याच्यापुढे नारळ ठेवतात. नारळ ठेवला की ती रात्र त्या गावाची. मग दुसऱ्या गावानं ट्रकभर नारळ आणले तरी उपयोग नाही. फड त्या गावाला निघताना तोच नारळ पहिल्या गाडीच्या चाकाशी फुटतो. मी मोहिनीबाईंच्या फडाचा व्यवस्थापक. नाव बाळासाहेब. साहेबपण त्या नावातच संपलं. घरी टोमॅटोचं वावर आहे आणि हंगामात ही राहुटी.

पूर्वी फडाच्या सगळ्या रात्री माझ्या एक्सेलच्या शीटमध्ये असायच्या. मी संगणकाचा क्लास केला तेव्हा बाकीच्यांनी सर्टिफिकेट घेतलं, मी एक्सेल घेतलं. डावीकडे तारीख, शेजारी तिथी, मग गाव, मग शेरा. पक्की रात्र हळदीसारखी पिवळी, बोलणी चालू असलेली हिरवी, भांडखोर गाव लाल. एका नजरेत अख्खा चैत्र दिसायचा. मोहिनीबाईंना अक्षरांपेक्षा रंग लवकर कळायचे. "बाळासाहेब, पिवळं वाढवा," एवढंच त्या म्हणायच्या.

मागच्या वर्षी त्यांच्या लेकाला, आदेशला, हौस आली. शीट सगळ्यांच्या फोनवर होती. त्यानं गावांची नावं बाराखडीच्या क्रमानं लावली, पण धरला फक्त गावांचा रकाना. तारखा जागच्या जागी राहिल्या आणि गावं वरखाली झाली. म्हणजे नवरी एका मांडवात आणि नवरा दुसऱ्या मांडवात. आम्हाला हे कळलं ते एका गावाचा फोन आला तेव्हा. "देव निघाला, माणसं जमली, फड कुठंय?" फड त्या वेळी भलत्याच गावाच्या वेशीवर उभा होता आणि तिथली माणसं आमच्या ट्रककडे बघून आपसात विचारत होती, आज आपल्याकडे काय आहे म्हणून.

त्या दिवशी मोहिनीबाई मला काहीच बोलल्या नाहीत, आणि मला त्याचाच जास्त राग आला. शीटचा काय दोष? विळ्यानं बोट कापलं म्हणून कुणी विळा फेकून देतं का? पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. बाईंनी ठरवून टाकलं, शीट बंद. खताच्या दुकानाच्या वर खोली घेऊन एक पोरगी सॉफ्टवेअर करते म्हणे, तिला बोलवा.

ती नूतन. शिनोलीच्या पुढे, भीमाशंकरच्या अंगाला डोंगरात उंबरदरा म्हणून वाडी आहे, तिथली. घरी भात आणि नाचणी. अवसरीच्या कॉलेजात इंजिनिअर झाली, पुण्यात कंपनीत लागली आणि सोडून आली. का सोडली विचारलं तर म्हणाली, "भाऊ, तिथं दिवसभर बसाया लावत्यात." मला वाटलं थट्टा करतेय. थट्टा नव्हती. इकडे येऊन तिनं एका रोपवाटिकेचं काम केलं, एका शीतगृहाचं केलं. दोन्ही माणसं खूश होती, ही नव्हती. आपण केलेलं काम पुरं झालं असं तिला कधी वाटतच नाही. संपलेल्या कामाभोवती ती घारीसारखी घिरट्या घालते.

पहिल्याच दिवशी मी तिला माझी शीट दाखवली. म्हटलं, "हिलाच जरा कुलूप बसव, पासवर्ड टाक, झालं. नवं कशाला?"

ती राहुटीत फेऱ्या मारत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, एकटं तुमी लिवणार असता तर मीच म्हणले असते, शीट ऱ्हाऊ द्या. लई सोपी हाय, लई गुणाची हाय. पण हितं तुमी राहुटीतनं लिवणार, बाई घरनं लिवणार, आदेश गाडीतनं लिवणार. शीट म्हंजी उघडं वावर. कुणीबी शिरावं, कायबी पेरावं. गाव आन् रात एकमेकाला बांधलेली हायेत हे तिला ठावंच न्हाई."

"आणि तुझ्या त्या डेटाबेसला ठाऊक असतं?"

"त्याला शिकवायचं. एक रात, एक गाव. त्याच राती दुसरं कोण आलं की त्यो दारातच अडवणार."

"आमच्याकडे पाहुण्याला दारात अडवत नाहीत."

"म्हणून तर मागल्या साली फड भलत्या गावाला गेला."

मला तिचा राग आला आणि ती आवडलीही. माझ्या तोंडावर असं बोलणारं माणूस राहुटीत बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं.

हंगाम सुरू व्हायच्या आत तिनं ते उभं केलं. आम्ही सगळे त्याला यंत्रच म्हणायचो. फोनवर उघडायचं, गाव भरायचं, तारीख भरायची आणि खेळ उभा राहायची वेळ भरायची. रात्र मोकळी असली तर हिरवी खूण, नसली तर लाल. वेळ कशाला, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, गाड्यांचा मार्ग लावायला लागते. वेळ भरल्याशिवाय यंत्र पुढे जायचंच नाही. आणि कुणी काय भरलं, कधी भरलं, नंतर कुणी बदललं, हे सगळं त्याच्या पोटात उमटून राहायचं, न पुसता येण्यासारखं. ते तिनं मुद्दाम केलं होतं. मागच्या वर्षी आदेश बरेच दिवस "मी न्हाई केलं" म्हणत हिंडला होता ना, म्हणून.

यंत्र चाललं, हे मला कबूल करावं लागतं. दोनदा तर बाईंनी आणि मी एकाच दिवशी एकच रात्र दोन गावांना द्यायला काढली आणि यंत्रानं लाल खूण दाखवून आमची लाज राखली. पण एक होतं. यंत्राला 'बघू' कळत नाही. पंच म्हणतात, "बघू, पुनवंला न्हाईतर वद्यातल्या पंचमीला, गावात इचारून सांगतो." हे यंत्रात कुठे लिहायचं? तारीख दे, वेळ दे, नाहीतर चालता हो. म्हणून अशी सगळी बघू-गावं मी गुपचूप माझ्या जुन्या शीटमध्ये ठेवायचो. नूतनला ते ठाऊक होतं. खांद्यावरून डोकावून म्हणायची, "भाऊ, रंगपंचमी चालूच का अजून?"

होळीच्या सुमाराला डोंगरातली पाच माणसं आली. चौघं बसले. पाचवा उंच, वाळका माणूस काही केल्या बसेना. खांद्यावरचा टॉवेल पिळत राहुटीभर नजर फिरवत उभा. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

"मी जानकू," तो म्हणाला. "नूतनचा बा. पोरगी हाय का हितं?"

ती त्या दिवशी कामानं जुन्नरला गेली होती. तसं सांगितल्यावर त्याला हायसं वाटलं. म्हणाला, "बरंच झालं. वशिल्यानं आलो आसं नको व्हाया."

उंबरदऱ्याच्या जत्रेत आजवर तमाशा झालाच नव्हता. भजन व्हायचं, सोंगं निघायची. गेली काही वर्षं तेही पातळ होत चाललं होतं. पोरं चाकणला आणि भोसरीला कामाला, जत्रेसाठी रजा टाकून कुणी येईना. पालखीला खांदे कमी पडायला लागले तसा जानकू घरोघर फिरला, प्रत्येक पोराला फोन लावला. "यंदा येतो म्हणल्यात समदी," तो मला सांगत होता. "तमाशा आसंल तर येतो म्हणल्यात." त्यांची जत्रा चैत्र वद्य अष्टमीची, म्हणजे यंदा एकवीस एप्रिल. मी फोन उघडला. उंबरदरा, एकवीस, रात्री दहा. हिरवी खूण आली.

"माझ्या पोरीचं यंत्र हाय त्ये," जानकू बाकीच्या चौघांना म्हणाला. "चुकायचं न्हाई."

त्यानं नारळ ठेवला. मी त्यावर स्केचपेननं गावाचं नाव लिहिलं आणि पोत्यात टाकला.

चैत्र लागला तशी नूतनची चुळबुळ वाढली. सगळं सुरळीत चाललंय म्हणून माणूस निवांत होतो, ही मात्र सुरळीत चाललंय म्हणून घाबरायची. "काय तरी ऱ्हायलंय, भाऊ," म्हणायची. काय ते तिलाही सांगता यायचं नाही. तिच्या त्या येरझाऱ्यांनी माझाही जीव खालीवर व्हायला लागला. मी रोज रात्री झोपताना फोन उशाशी ठेवायचो आणि सकाळी आधी गावं बघायचो. जागच्या जागी असायची.

अष्टमी चार-पाच दिवसांवर आली असेल. सकाळची वेळ होती. मोहिनीबाई राहुटीत आल्या होत्या आणि मी त्यांना गाड्यांचा क्रम वाचून दाखवत होतो. नूतन दाराशी दोर घेऊन उभी होतीच.

"वीसच्या रात्री करंजमळा," मी वाचलं. "एकवीसच्या रात्री उंबरदरा."

"थांबा," बाई म्हणाल्या. "करंजमळा वीसला कसा? त्यांची जत्रा अष्टमीची. घरी येऊन नारळ ठेवलाय त्यांनी, मीच भरलंय. एकवीस तारीख, खेळ साडेबाराला. त्यांची पालखीच उशिरा परतती."

नूतनच्या हातातला दोर सुटला.

मला काही कळलं नव्हतं, तिला कळलं होतं. "बाई," ती म्हणाली, "तुमी रात्री साडेबारा भरलंत. यंत्राचा दिस राती बाराला बदलतो. त्याला वाटलं, एकवीस उजाडायच्या आधीचे साडेबारा. म्हंजी वीसची रात."

"बाराला कुठं दिस बदलतो?" बाई म्हणाल्या. "उजाडल्यावर बदलतो."

आता यात बाईंचं काय चुकलं? राहुटीतल्या आम्हा सगळ्यांचा दिवस उजाडल्यावरच बदलतो. खेळ दहाला उभा राहो नाहीतर एकला, रात्र एकच, आणि ती ज्या दिवशी सुरू झाली त्या दिवसाची. पंच असंच बोलतात, आम्ही असंच ऐकतो. यंत्रानं मात्र करंजमळा एका रात्रीत टाकला आणि उंबरदरा दुसऱ्या. त्यामुळे अष्टमीच्या एकाच रात्री दोन्ही गावं येऊन बसली तरी त्याला काही वावगं दिसलं नाही. एक नारळ बाईंच्या देवघरात, एक माझ्या पोत्यात.

खोटं कशाला बोलू, मला आधी बरं वाटलं. माझ्या शीटमध्ये मी नुसतं 'रात्र' लिहायचो, वेळ कधीच नाही. तिथे हे झालंच नसतं. मी तोंड उघडणार होतो, तेवढ्यात नूतनचा चेहरा दिसला आणि मी ते शब्द गिळले.

बाकीच्या सगळ्या राहुट्या मी पालथ्या घातल्या. अष्टमीला एकही फड मोकळा नव्हता. ऐन हंगाम, प्रत्येकाची रात्र गेलेली. परत आलो तर बाई तशाच बसलेल्या. फडाचा रिवाज सरळ आहे. ज्याचा नारळ आधी, त्याची रात्र. पण आधी कोण? बाई म्हणाल्या, करंजमळा होळीच्या आसपास आला. उंबरदराही होळीच्याच आसपास आला होता. नेमका दिवस दोघांनाही आठवेना.

"यंत्रात आसंल की," बाई म्हणाल्या. "नूतन, बघून सांग. तू सांगशील त्या गावाला गाड्या जातील." आणि फोन आला म्हणून त्या बाहेर गेल्या. नूतन शिनोलीकडची, एवढंच त्यांना माहीत होतं. उंबरदरा तिचं गाव आणि नारळ ठेवणारा तिचा बाप, हे राहुटीत फक्त मला माहीत होतं.

तिनं लॅपटॉप हातावर घेतला आणि बघितलं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारायचं कारण उरलं नाही.

"करंजमळा?"

"एकाच दिवशी हायेत दोन्ही," ती म्हणाली. "ते सकाळी. बा दुपारी."

"बदल," मी म्हटलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी आवाज खाली आणून पुन्हा म्हटलं, "बदल की. माझ्या शीटमध्ये असतं तर मी ती ओळ चिमटीत धरून वर ओढली असती. करंजमळ्याला दरसाल तमाशा असतो, एक वर्ष नसला तर काय आभाळ कोसळणार आहे? तुझ्या गावात पहिल्यांदा होतोय. आणि किल्ल्या सगळ्या तुझ्याकडे."

"बदलता येतं," ती म्हणाली. "पण कुणी बदललं ते उमटतं."

"उमटू दे. ते वाचायला कोण बसलंय?"

"मी वाचीन की, भाऊ."

एवढं बोलून ती बाहेर गेली आणि राहुटीभोवती फिरायला लागली. हायवेवरून टोमॅटोच्या क्रेटनी भरलेल्या पिकअप जात होत्या, जीपवाले मंचर मंचर म्हणून ओरडत होते, आणि मी आत बसून एकेक दोर सैल होताना बघत होतो. आधी दाराचा, मग मागचा, मग बाजूचे. कापड माझ्या डोक्यापर्यंत आलं. मी ओरडलो नाही. पडू दे म्हटलं राहुटी. मला तिची कीव आली असं नाही, मला भीती वाटत होती. ती बदलेल याची, आणि बदलणार नाही याचीही.

मग दोर परत ताणले जायला लागले. सगळ्या गाठी बांधून झाल्यावर ती बाईंना घेऊनच आत आली.

"करंजमळा आधी," ती म्हणाली. "आन् दुसरं गाव माझं हाय. माझ्या बानं नारळ ठेवलाय."

मोहिनीबाई जन्मभर हजारो माणसांपुढे उभ्या राहिल्या आहेत, पण या एका पोरीपुढे त्यांचा आवाज खाली आला. म्हणाल्या, "आगं, मग आधी का न्हाई सांगितलंस?"

"आधी सांगितलं आसतं तर तुमी उंबरदरा म्हणला आसता."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. "मी येते समजावाया. माझं ऐकतील."

"नगं, बाई. यंत्र माझं हाय."

मी मात्र गेलो. नारळ माझ्या हातात दिला होता, तो परत न्यायला मीच हवा. नारायणगावहून मंचर, मंचरहून घोडेगाव, आणि तिथून शिनोलीवरून वर जाणारी जीप. जीपमध्ये ती आधी खिडकीशी वाकून उभी राहिली, मग दोन बाकांच्या मध्ये, मग शेवटी मागच्या पायरीवर. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, बसा की आत, जागा हाय." तिनं ऐकलं नाही. मध्येच वाकून मला म्हणाली, "रात हा येगळा रकाना पायजे व्हता, भाऊ. रात आधी, वेळ नंतर. इतकं साधं." मी म्हटलं, "आता ते राहू दे." ती म्हणाली, "कसं ऱ्हाऊ दिऊ?" आणि पुन्हा बाहेर बघायला लागली.

उंबरदऱ्याच्या देवळासमोर माणसं जमलेलीच होती. खेळाच्या जागेवरचे दगड वेचून कडेला रचले होते, वर मुरूम टाकला होता. जानकू आम्हाला बघून इतका खुलला की मला मान वर करवेना.

"जागा बघाया आला का, पावणं? बघा, बघा. ट्रक पार हितवर येतोय. वाट न्हवती, म्हणून बांध फोडलाय मी माझा."

त्यानं दाखवलं तिकडे मी बघितलं. भाताच्या कोरड्या खाचराचा दगडी बांध ट्रक जाईल इतका मोकळा केला होता. ते दगड एकेक करून त्यानंच उचलले असणार.

"बा, फड येत न्हाई," नूतन म्हणाली.

तिनं प्रस्तावना केली नाही, आढेवेढे घेतले नाहीत. सगळ्यांसमोर उभ्यानंच सांगितलं. यंत्राचा दिवस कसा बाराला बदलतो, दुसऱ्या गावाची नोंद कशी भलत्या रात्रीत गेली, त्यांचा नारळ कसा आधीचा होता. चूक माझी, बाळासाहेबांची न्हाई, बाईंची न्हाई, असंही म्हणाली. पंचांपैकी एक म्हातारा फक्त म्हणाला, "जानकू, चुकायचं न्हाई म्हणलातास."

जानकूनं टॉवेल पिळला, झटकला, पुन्हा पिळला. देवळापुढे दोन-तीन वेळा इकडून तिकडे गेला आणि मग सरळ त्या फोडलेल्या बांधाकडे चालू लागला. तिथे पाठमोरा उभा राहिला. बाप-लेक एकाच मातीचे, हे मला आत्ता नीट दिसलं.

आणि नूतन बसली. देवळाच्या ओट्यावर, गुडघे पोटाशी घेऊन. वर्षभरात मी तिला बसलेलं बघितलं नव्हतं आणि तसं बघावं असं मला वाटलंही नसतं. तिची आई सोनीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो लेकीपुढे ठेवला आणि काही न विचारता शेजारी टेकली. मी नारळ हातात धरून उभा होतो. तो कुठे ठेवावा कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं जानकू परत आला. "मला लई लाज वाटली," तो लेकीला म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "घरोघर मी सांगितलंय. पोरांला मी सांगितलंय."

"व्हय," नूतन म्हणाली.

"ते खरंच आधी व्हते?"

"सकाळी ते. दुपारी तुमी."

"आरं तिच्या!" जानकू बाकीच्या पंचांकडे वळला. "आन् तुमाला घोडेगावात भजी खायाची व्हती!" कुणीतरी नाकातून हसलं आणि लगेच गप्प झालं. जानकू पुन्हा लेकीकडे वळला. "आन् तुला ते बदलता येत न्हवतं का?"

तिनं तांब्या उचलला. मी म्हटलं, "येत होतं."

जानकू तिच्याकडे बघत राहिला. रागानं का मायेनं ते मला सांगता येणार नाही, बहुतेक दोन्ही. मग त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला.

"पोरांला मी कळवतो," तो म्हणाला. "येतील त्यांनी यावं. पालखी तर हाय."

मी नारळ पुढे केला. त्यानं हात मागे घेतला.

"ठेवलेला नारळ माघारी घेत न्हाईत, पावणं. पुढल्या सालच्या आष्टमीचा समजा. आत्ताच लिव्हा, करंजमळा यायच्या आत. बांध पावसाआधी घालतो मी. जत्रंला परत फोडता येतो."

वर्षभरात त्या नारळाचा गोटा होणार. होईना का. मी तो पिशवीत ठेवला.

नूतननं फोन काढला, यंत्र उघडलं आणि बसल्या बसल्याच भरायला लागली. उंबरदरा. मग तारीख. पुढच्या वर्षीची अष्टमी कोणत्या तारखेला, ते पंचांग निघाल्यावर गावाचा गुरव सांगणार. तोवर तारीख नाही, आणि तारखेशिवाय यंत्र पुढे जायला तयार नाही. तिनं दोन-तीनदा करून बघितलं. लाल, लाल, लाल. स्वतःच दारावर बसवलेला माणूस आता तिच्याच बापाला अडवत होता. तिनं फोन ओट्यावर पालथा टाकला आणि माझ्यापुढे हात केला.

"भाऊ, तुमची शीट द्या."

मी माझा फोन तिच्या हातात दिला. माझ्या सगळ्या बघू-गावांच्या वर तिनं एक नवी ओळ घातली. तारखेचा रकाना मोकळा सोडला. पुढे लिहिलं, 'पुढच्या चैत्रातली वद्य अष्टमी. रात्र. उंबरदरा.' जानकूनं तिच्याकडून ते मोठ्यानं वाचून घेतलं, पंचांनी माना हलवल्या, आणि तो पालखीचे भोई मोजायला देवळात गेला.

नूतन त्या ओळीकडे बघत बसून राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "पक्क्या रातीचा रंग कंचा व्हता?"

"पिवळा," मी म्हटलं आणि तिच्या शेजारी बसलो.